मोरीतला पत्रा आणि न्यूयॉर्कची साठ चित्रं

(वाचनालयाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे. दोन-चार ठिकाणी फक्त वाक्यं सरळ केली.)



मागच्या महिन्यात याच खोलीत आपली बैठक झाली. अंकाला मजकूर येत नाही म्हणून मी जरा आवाज चढवला. तेव्हा मागं दाराशी बसलेला एक पोरगा उठला आणि म्हणाला, "काका, तुमच्या पिढीला लिहायला गाव होतं, गावकी होती, मेलेली ढोरं होती. आम्ही चाळीत जन्मलो, आता टॉवरात चाललो. आम्ही काय लिहायचं? उसनं दुःख आणायचं का?"

मी त्या दिवशी गप्प बसलो. उत्तर येत नव्हतं अशातला भाग नाही. उत्तर होतं, पण ते देताना माझीच एक चोरी उघडी पडणार होती. आज तुम्ही मला बोलायला उभं केलंय, तर चोरीही सांगतो आणि उत्तरही देतो.

हा भिंतीला टेकवलेला पत्रा बघताय ना? येताना दोघातिघांनी विचारलं, "काका, भंगार कशाला उचलून आणलं?" त्याच्याकडं शेवटी येऊ. आधी न्यूयॉर्कला जाऊ.

२०१५ सालच्या जुलैची गोष्ट. माझा भाचा तिकडं नोकरीला आहे. त्यानं तिकीट पाठवलं, मी रजा टाकली. जन्मभर पोस्टात सॉर्टिंग केलं, देशोदेशीची पाकिटं या हातांनी खणात टाकली, पण विमानात बसलो ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. उतरल्या उतरल्या भाच्याला म्हणालो, आधी कोलंबिया. त्याला ठाऊकच होतं. आपला माणूस न्यूयॉर्कला गेला की पहिल्यांदा तिकडंच जाणार. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब त्या विद्यापीठात पोचले, तेव्हा वय बावीस. १९१६ च्या जूनपर्यंत ते तिथं होते. आज तिथल्या लेहमन लायब्ररीत त्यांचा अर्धपुतळा आहे. भाच्याच्या ओळखीनं आत गेलो, हात जोडले, बाहेर आलो. विद्यापीठाला लागून उतारावर एक बाग आहे. तिच्या पायऱ्या उतरून खाली गेलं की हार्लेम लागतं. वर विद्यापीठ, खाली काळ्यांची वस्ती, मधे पायऱ्या. मी त्या पायऱ्या मोजत उतरलो. गुडघे दुखतात म्हणून मोजत होतो, दुसरं काही नाही. पण ते अंतर डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आज मोमा." मला वाटलं खायचा पदार्थ असेल. तर ते म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट. मी म्हणालो, अरे मला कशाला? आपण चित्रातलं काय जाणणार? हे वाक्य मी बोललो, ते लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

त्रेपन्नाव्या रस्त्यावर ती इमारत आहे. तिकीट तेव्हा पंचवीस डॉलर होतं. मी मनात गुणाकार केला, दीड हजाराच्या वर गेलं. वाटलं, एवढ्यात वाचनालयाची महिनाभराची वर्तमानपत्रं आली असती. भाच्यानं माझा चेहरा वाचला आणि मला हाताला धरून आत नेलं.

हे म्युझियम कुणाचं? १९२९ च्या नोव्हेंबरात ते उघडलं. त्याच्या आधी दहा दिवसांवर वॉल स्ट्रीटचा बाजार कोसळला होता. लाखो लोकांची पोटं रिकामी व्हायला लागली होती आणि इकडं चित्रांचं प्रदर्शन उघडत होतं. काढणाऱ्या तिघी बायका, त्यातली एक रॉकफेलर घराण्यातली. म्हणजे तेलाचा पैसा. हे मी सांगतो ते मत्सरानं सांगत नाही. ज्या भिंतीवर चित्र लागतं ती भिंत कुणाच्या मालकीची, हे आपण आधी विचारायला शिकलोय. देवळाचं विचारलं, तळ्याचं विचारलं, तसंच म्युझियमचं विचारायचं.

आत पाचव्या मजल्यावर एका चित्रासमोर ही गर्दी. पिकासोचं, १९०७ सालचं. पाच उघड्या बाया. त्यातल्या दोघींची तोंडं आफ्रिकेतल्या मुखवट्यांसारखी. भाचा सांगत होता की इथून आधुनिक चित्रकला सुरू झाली असं म्हणतात. मी विचारलं, मग ते मुखवटे ज्यांनी कोरले त्यांची नावं कुठं आहेत? भाचा हसला. नावं नाहीत. मुखवटा बघणाऱ्याचं नाव झालं, कोरणारा अनामिक राहिला. आपल्याकडं ढोलकी ज्यांनी मढवली, वाजवली, त्यांचं काय झालं? तेच झालं. सभागृहात तिला लोककला म्हणतात आणि मढवणाऱ्याला बाहेर चपलांपाशी उभं करतात.

मी कंटाळलो होतो. पाय भरून आले होते. म्हणालो, चल बाबा, झालं बघून. तेवढ्यात भाचा म्हणाला, एक दालन राहिलंय. तिथं शिरलो, आणि दोस्तांनो, मी तिथून अडीच तास हललो नाही.

साठ चित्रं. ओळीनं लावलेली, सगळी एका मापाची. बारा इंच बाय अठरा इंच. म्हणजे आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो असतो साधारण तेवढी. कॅनव्हास नाही, सोनेरी चौकट नाही. हार्डबोर्डावर काढलेली. रंग केसीनचा, म्हणजे दुधातून निघणाऱ्या पदार्थात कालवलेला. प्रत्येक चित्राखाली एकेक साधं वाक्य. चित्रकाराचं नाव जेकब लॉरेन्स. विषय काय, तर काळी माणसं दक्षिणेतली शेतं सोडून उत्तरेतल्या शहरांत आली, ती हकीकत. पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१५-१६ च्या सुमाराला हा लोंढा सुरू झाला आणि १९७० पर्यंत साठेक लाख माणसं हलली. बाबासाहेब कोलंबियातून निघाले त्याच सुमाराला तिकडं गाड्या भरून येऊ लागल्या होत्या.

पहिल्या चित्रात रेल्वे स्टेशन. गर्दी, आणि गर्दीपुढं तीन दारं. एकावर शिकागो, एकावर न्यूयॉर्क, एकावर सेंट लुईस. मला बोरीबंदर दिसलं. माझा बाप साताऱ्याकडून आला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती आणि खिशात गिरणीतल्या एका गाववाल्याचा पत्ता. तोही असाच कुठल्या तरी दारातून बाहेर पडला असेल.

पुढं चालत गेलो. कापसावर कीड पडली. जेवणाच्या टेबलावर जेवण जवळजवळ नाही. कोर्टात वर गोरा जज्ज, खाली दोन काळी माणसं. एका चित्रात फक्त झाडाची फांदी, तिला फास, आणि खाली एक माणूस अंग दुमडून बसलेलं. फासात प्रेत दाखवलेलं नाही. दाखवायची गरजच नाही. खाली बसलेल्या माणसाच्या पाठीवर सगळं लिहिलंय. आणखी एका चित्रात तीन माणसं, पाठमोरी, हातांत बेड्या.

मग एकोणिसावं चित्र. पाणी प्यायचे दोन नळ, मधून ओढा वाहतो. एका बाजूला गोरी बाई आणि पोर, दुसऱ्या बाजूला काळी बाई आणि पोर. मी तिथं थबकलो. पाणी मधून मोकळं वाहतंय आणि प्यायचे नळ मात्र वेगळे. हे मला कुणी इंग्रजीत समजावून सांगायची गरज नव्हती. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी ज्यांनी ओंजळीत घेतलं त्यांची मी अवलाद आहे. मी त्या चित्राचा मुलूख पाहिलेला नाही, ती भाषा मला धड येत नाही, पण ते चित्र माझं होतं.

पण लॉरेन्स तिथं थांबत नाही, हे नीट ऐका. दक्षिण सोडली म्हणजे सुटले, असं तो म्हणत नाही. शहरात आल्यावर काय? कोंदट खोल्या, खाटेला खाट लागलेली. गिरणी-कारखान्यांत गोरे कामगार यांच्या अंगावर येतात. १९१७ सालची ईस्ट सेंट लुईसची दंगल त्यात आहे. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींत दंगल झाली, पोलीस घरांत शिरले, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. गाव सोडलं तरी गावकूस आपल्या आधी शहरात पोचलेलं असतं. एका चित्रात खाणावळ आहे आणि तिच्या मधोमध पिवळा दोर घातलाय. इकडं गोरे, तिकडं काळे. फक्त एक दोर. भिंत बांधायचे पैसे वाचवले.

आणि त्रेपन्नावं चित्र. हे आपल्या सगळ्यांना झोंबेल. एक काळं जोडपं. बाई भारी कोटात, बाप्या उंच टोपीत. हे आधीपासून उत्तरेत स्थिरावलेले काळे लोक. नव्यानं आलेल्या आपल्याच माणसांकडं ते नाक वर करून बघतात. मी भाच्याकडं पाहिलं, भाच्यानं माझ्याकडं. सरकारी क्वार्टर मिळाल्यावर चाळीतल्या किती जणांकडं मी जाणं-येणं ठेवलं? आडनाव बदललेले, जयंतीला मुद्दाम गावाबाहेर जाणारे, पोरांना "आपण त्यातले नाही" असं शिकवणारे आपल्यात किती आहेत? प्रस्थापितांना शिव्या देणं सोपं. लॉरेन्सनं आपल्यातल्या टोपीवाल्यालाही त्याच ओळीत, त्याच मापाच्या बोर्डावर लावलं. वयाच्या तेविसाव्या वर्षी.

होय, तेविसाव्या. १९४० ला घेतली, १९४१ ला पुरी केली. हार्लेममध्ये वाढलेलं पोर. आई लोकांच्या घरी काम करायची. शाळा मधेच सुटली. वस्तीतल्या मोफत वर्गात चित्रं शिकला.

आता त्या दाराजवळच्या पोराला उत्तर. कुठं आहेस रे? हां, बस, बस. ऐक. ही चित्रं काढली तोवर जेकब लॉरेन्सनं दक्षिण डोळ्यानं पाहिलेली नव्हती. कापसाचं शेत पाहिलेलं नव्हतं. तो तिकडं पहिल्यांदा गेला ते १९४१ ला, लग्न झाल्यावर, चित्रं पुरी करून. मग त्याला हे मिळालं कुठून? एक, घरातून. आईबापाकडून, शेजाऱ्यांकडून, जिन्यावर, न्हाव्याच्या दुकानात बसून ऐकलेलं. आणि दुसरं, वाचनालयातून. हार्लेममध्ये १३५ व्या रस्त्यावर सार्वजनिक वाचनालय आहे. काळ्या लोकांबद्दलची पुस्तकं, कागदपत्रं तिथं जमवून ठेवली होती. हा पोरगा तिथं महिनोन्महिने बसला. वह्या भरल्या. मग वाक्यं लिहिली, साठ वाक्यं. आणि मग चित्रं. एका निधीतून त्याला पंधराशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली, तिच्यात बोर्ड आले, रंग आले. बायको चित्रकार, ग्वेन्डोलिन नाइट, तिनं बोर्ड तयार करायला आणि वाक्यं नीट करायला हात लावला.

तेव्हा दुःख उसनं नसतं रे बाबा. बापाचं कर्ज सावकार पोराकडून वसूल करतो तेव्हा म्हणतो का, हे तुझं नाही? मग बापाची हकीकतही तुझीच. ती ऐकून घ्यावी लागते, वाचून घ्यावी लागते. तेवढी मेहनत मात्र लागते. तिथं उसनवारी चालत नाही.

आता त्याची काम करायची रीत सांगतो, कारण तिथंच माझं पितळ उघडं पडतं. भिंतीवर माहिती लावली होती, भाच्यानं वाचून दाखवली. लॉरेन्सनं साठ चित्रं एकामागून एक काढली नाहीत. साठही बोर्ड मांडले, सगळ्यांवर पेन्सिलीनं आखून घेतलं, आणि एक रंग घेऊन तो साठही बोर्डांवर जिथं जिथं लागणार तिथं भरला. आधी काळा. मग तपकिरी. असं गडदाकडून फिक्याकडं. त्यामुळं पहिल्या चित्रातला पिवळा आणि साठाव्यातला पिवळा एकच.

हे ऐकलं आणि मी तिथल्या बाकावर बसलो. कारण ही रीत मला ठाऊक होती. मी ती चाळीच्या व्हरांड्यात पाहिली होती.

माझा थोरला भाऊ, दादा, साइनबोर्ड पेंटर होता. बीडीडी चाळीत आमची एकशे साठ चौरस फुटांची खोली, माणसं नऊ. दादा व्हरांड्यात काम करायचा. किराणा, सलून, पिठाची गिरणी, पाच-सहा दुकानांचे पत्रे ओळीनं भिंतीला उभे करायचे, खडूची दोरी मारून रेघा पाडायच्या, आणि लाल रंगाचा डबा उघडला की सगळ्या पत्र्यांवरचा लाल संपवायचा. मग डबा बंद. मी विचारायचो, एक पत्रा पुरा का करत नाहीस? तो म्हणायचा, "डबा सारखा उघडला की रंगावर साय धरते. गरिबानं रंग उघडायचा तो सगळ्यांसाठी एकदाच." न्यूयॉर्कमधला तो पोरगा आणि वरळीतला माझा भाऊ, एकाच शाळेतले निघाले. त्या शाळेचं नाव काटकसर.

दादा शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्ही परीक्षा पास झाला होता. शहरातल्या एका कलाशाळेत गेला. काही महिन्यांत परत आला. तिथं एका मास्तरनं त्याचा कागद वर्गात उचलून दाखवला आणि विचारलं, "हे काय काढलंस, ढोर का माणूस?" वर्ग हसला. ते दादानं आमच्या आजाचं चित्र काढलं होतं. आजाच्या पाठीवर सोललेल्या बैलाचं कातडं होतं. मास्तरला त्यातलं माणूस कुठं संपतं ते कळलं नाही. दादा परत गेला नाही. बोर्ड रंगवायला लागला.

१९७२ ला दलित पँथर निघाली तेव्हा दादा तेवीस वर्षांचा. पुढं अमेरिकेतले ब्लॅक पँथर, इकडं आपली पँथर. नाव तिकडून घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोर्चाचे फलक, भिंतीवरच्या घोषणा, जयंतीची कमान, सगळं दादाच्या हातचं. आणि रात्री, गिऱ्हाइकानं नाकारलेल्या, गंजलेल्या पत्र्यांवर तो आपली चित्रं काढायचा. आजा. महारवाडा. मायची गिरणी. संपातली चूल. असे अकरा पत्रे होते. कुणाला दाखवायचा नाही. खाटेखाली ठेवायचा. १९८९ ला गेला. दारूनं गेला असं लोक म्हणतात. दारूच्या आधी कशानं गेला ते कुणी विचारत नाही.

आता माझी चोरी. १९९१ ला घरात लग्न निघालं. खोलीला चुना काढायचा होता. खाटेखालचं सामान बाहेर काढलं. मी, पोस्टातला सॉर्टर, शिकलेला, मोर्चांत ओरडलेला, या मासिकात दोनदा कविता छापून आलेला, मी भंगारवाल्याला हाक मारली. दहा पत्रे वजनावर दिले. किलोच्या भावानं. त्यानं चित्राकडं बघितलं पण नाही, पत्र्याची जाडी बघितली. पैसे किती आले ते आठवत नाही, त्याचं मटण आणलं हे आठवतं. अकरावा पत्रा वहिनी म्हणाली, राहू द्या, मोरीला आडोसा होईल. तो हा.

म्हणून म्युझियमच्या दारात मी म्हणालो ना, आपण चित्रातलं काय जाणणार? ते माझं वाक्य नव्हतं. त्या मास्तरचं होतं. मी ते त्याच्याकडून घेऊन अकरा चित्रांवर वापरलं होतं.

बाकावर बसलो होतो तर पहाऱ्यावरची बाई जवळ आली. काळी, माझ्याच वयाची. विचारलं, ठीक आहात ना? पाणी हवंय? मी मोडक्या इंग्रजीत म्हणालो, माझा भाऊ पण चित्रकार होता. ती म्हणाली, त्याची चित्रं कुठं आहेत? मला सांगता आलं नाही. मी म्हणालो, मी इंडियातला, डॉक्टर आंबेडकरांचा माणूस, ते इथंच कोलंबियात शिकले. तिला नाव ठाऊक नव्हतं. मला राग आला नाही. आज सकाळपर्यंत तुमच्यातल्या किती जणांना जेकब लॉरेन्स ठाऊक होता? बाबासाहेबांनी १९४६ ला काळ्यांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तरही आलं. दोन पत्रं गेली-आली, आणि मग पुढच्यांनी ती वाट वापरली किती? त्या बाईनं मला सांगितलं, तिची आजी साउथ कॅरोलायनातून आली. महिन्यापूर्वीच, १७ जूनला, त्याच राज्यात चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेल्या नऊ काळ्या माणसांना एका गोऱ्या पोरानं गोळ्या घातल्या होत्या. ती भिंतीकडं बोट करून म्हणाली, "लोकांना वाटतं ही जुनी चित्रं आहेत." एवढंच म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला बसायला खुर्ची नव्हती.

आता एक गोष्ट कडू आहे, पण सांगतो. ती साठ चित्रं मी एकत्र पाहिली हा योग. एरवी ती एकत्र नसतात. १९४२ ला ती विकत घेतली गेली तेव्हा दोन म्युझियमनी वाटून घेतली. सम आकड्यांची न्यूयॉर्कला, विषम आकड्यांची वॉशिंग्टनला, फिलिप्स यांच्या संग्रहात. एका रंगानं एका बैठकीत भरलेली हकीकत. दुसरं वाक्य इकडं, तिसरं तिकडं. विकत घेतलं म्हणून जपलं गेलं हे खरं. पण घेणाऱ्याच्या सोयीनं कापलंही गेलं.

आणखी एक. फेथ रिंगगोल्ड म्हणून काळी चित्रकर्ती होती. १९६७ ला तिनं एक मोठं चित्र काढलं, रस्त्यावर गोरी-काळी माणसं रक्तात पडलेली. १९६९-७० च्या सुमाराला हीच बाई याच म्युझियमशी भांडत होती, की काळ्या कलावंतांना जागा द्या. म्युझियमनं तिचं ते चित्र घेतलं २०१६ ला. एकोणपन्नास वर्षांनी. २०१९ ला ते पिकासोच्या त्या पाच बायांच्या शेजारी लावलं. २०२४ ला ती वारली, त्र्याण्णव वर्षांची होऊन. जगली म्हणून तिनं ते पाहिलं. दादाला कुठली एकोणपन्नास वर्षं?

म्हणून मी तुम्हाला म्हणत नाही की म्युझियमच्या दारात जाऊन उभे राहा. भांडायचं तिथं भांडा, ती जागा जनतेच्या पैशाची असेल तर हक्कानं मागा. पण त्यांनी घेईपर्यंत आपण किलोच्या भावानं विकत बसायचं का?

न्यूयॉर्कहून परत आलो तसा मोरीत गेलो. पत्रा जागेवर होता. चित्राची बाजू आतून, साबणाच्या पाण्याकडं. मी हात लावला नाही. काढला तर वहिनी आंघोळ कुठं करणार? अडीच तास अमेरिकेत रडकुंडीला आलेला मी, घरात एक नवा आडोसा करून द्यायला सात वर्षं लावली, हेही लिहून ठेवा. चाळ रिकामी करायची वेळ आली, सामान बांधलं, तेव्हा पुतण्या म्हणाला, काका, हा पत्रा टाकून देऊ. तेव्हा उचलला.

आता जवळ या आणि बघा. खालचा अर्धा भाग पाण्यानं खाल्लाय. वर विहीर दिसते. विहिरीपासून लांब तीन बाया उभ्या, घागरी रिकाम्या. वाढणारं कुणी येईल म्हणून वाट बघतायत. त्यातली मधली आमची आजी, नाकावरून ओळखू येते. बायांच्या अंगाखालून जुनी अक्षरं दिसतात, "राणा भांडार". किराणा भांडारातला कि गंजून गेलाय. गिऱ्हाइकानं रंग आवडला नाही म्हणून परत केलेला बोर्ड तो. हे दादानं स्वतः पाहिलेलं नाही. दादा चाळीत जन्मला. हे त्याला आजीनं सांगितलं. कळलं का रे, दाराजवळच्या?

म्युझियममध्ये प्रत्येक चित्राशेजारी एक चिठ्ठी असते. नाव, साल, कशावर, कशानं. मी या पत्र्याच्या मागं खडूनं तसं लिहिलंय. दादाचं नाव, जन्म १९४९, मृत्यू १९८९. एनॅमल रंग, दुकानाच्या पत्र्यावर, साधारण १९७६. त्याखाली आणखी एक ओळ लिहिलीय, की बाकीचे दहा धाकट्या भावानं विकले. ती ओळ कुणी पुसायची नाही.

वरळीत, नायगावात चाळी पडतायत, टॉवर उभे राहतायत. मिळालेलं घर घ्या, हक्काचं आहे, बापजाद्यांनी भाडं आणि घाम दोन्ही भरलंय. पण सामान बांधताना तुमची माय विचारेल, हे टाकू का? भजनी मंडळाची वही, जलशाची गाणी, गिरणीचा पास, संपातल्या पावत्या, धम्मदीक्षेच्या वेळचा फोटो, जयंतीचा जुना फलक. तेव्हा तिला म्हणा, थांब.

ठराव असा मांडतो. वाचनालयाची ही मागची भिंत रिकामी आहे. तिच्यावर एका मापाचे साठ हार्डबोर्ड लावू. बोर्डांचा खर्च मी माझ्या पेन्शनीतून देतो, ते देणं आहे, देणगी नाही. प्रत्येक घरानं एक हकीकत सांगायची, तुम्ही ती वहीत उतरवायची, तिचं एक वाक्य करायचं. ज्याला काढता येतं त्यानं काढायचं, नाही येत त्यानं फोटो चिकटवायचा, तेही नाही जमलं तर नुसतं वाक्य लावायचं. पहिला बोर्ड कुणाचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. टोपीवाल्यांचाही एक बोर्ड पाहिजे. तो मी करतो. माझाच.

आणि हे साठ बोर्ड कुणी कितीही पैसे देऊन मागितले तरी सुटे द्यायचे नाहीत, हे आजच लिहून घ्या.

येत्या रविवारी सकाळी दहाला सुरुवात. वही आणा, पेन आणा. पहिल्यांदा म्हाताऱ्या बायांकडं जाऊ, कारण त्यांच्याकडं वेळ कमी आहे.

जय भीम.